भांडी घासायला अक्कल लागते

२०२१ च्या मार्चमध्ये आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये डिशवॉशर आलं. जूनमध्ये त्याच्यावर कांदे-बटाट्यांची टोपली आली. दिवाळीपर्यंत आत लोणच्याच्या रिकाम्या बरण्या राहायला लागल्या होत्या. आमच्या घरातलं ते सगळ्यात महाग कपाट होतं.

लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांनी कामवाल्या बायांना गेटवरच अडवलं, तेव्हा घरून काम करणाऱ्या माझ्यासारख्या बऱ्याच आयटीवाल्यांनी ही मशीनं मागवली. त्यातली आज किती चालू आहेत, ते तुमच्या नात्यागोत्यात मोजून बघा. बेसा, त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, मी जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर एकच मिळालं. "आपल्या भांड्यांना ते जमत नाही, भाऊ. ते फॉरेनच्या लोकांचं काम आहे. त्यांचं काय, दोन प्लेटा आणि एक ग्लास."

हे वाक्य खोटं आहे असं माझं म्हणणं आहे. शिवाय ते बहुतेक वेळा घरातल्या ज्या माणसाने मशीन विकत घेतलं त्याच्याच तोंडून येतं, आणि त्या माणसाने आयुष्यात कढई घासलेली नसते. मला हे माहीत आहे, कारण तो माणूस मीच होतो.

बोनसचे पैसे आले होते. आईच्या हाताला पावडरने भेगा पडल्या होत्या. मी मशीन मागवलं, बसवायला आलेल्या माणसाने नळ जोडून दिला, मी आईला बटण दाखवलं आणि लॅपटॉपवर परत गेलो. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "आधी मी धुते, मग तुझं मशीन धुते, मग पुन्हा मी धुते. मधातलं ते काय करून राह्यलं?"

ग्लासांवर पांढरी राप चढली होती. वाट्यांच्या तळाशी वरण तसंच होतं. कुकरचं झाकण काळंठिक्कर पडलं होतं. एकदा तर पावडर संपली म्हणून मीच भांडी घासायचं लिक्विड आत ओतलं आणि दारातून फेस बाहेर येऊन किचनभर पसरला. मी कंपनीला शिव्या दिल्या. मग एक दिवस ऑफिसात कुणीतरी तक्रार केली की आमचं सॉफ्टवेअर "चालतच नाही". मी सवयीने विचारलं, सेटिंग काय ठेवलंय, डॉक्युमेंटेशन वाचलंय का? विचारता विचारताच मला आमच्या किचनमधलं ते प्लास्टिकच्या पिशवीतलं, न उघडलेलं मॅन्युअल आठवलं. चार वर्षं इंजिनिअरिंग करून मी घरात एक यंत्र आणलं होतं आणि त्याचं एक पानही वाचलं नव्हतं. कारण भांडी घासण्यात वाचण्यासारखं काय असणार?

सगळा घोळ या 'काय असणार'मध्ये आहे.

पाणी

नागपूरला महापालिकेचं पाणी पेंच आणि कन्हानवरून येतं. पण कित्येक सोसायट्यांच्या टाकीत बोअरवेलचंही पाणी चढतं. बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. ते तापलं की त्याचा पांढरा थर बसतो. गीझरच्या रॉडवर जो दिसतो तोच ग्लासावर बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे मानकात बसणारं पाणीसुद्धा एका घरी दुसऱ्या घराच्या तिप्पट जड असू शकतं.

यंत्र बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक मशीनच्या तळाशी पाणी मऊ करणारा एक कप्पा असतो. त्यात राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा मोकळे करावे लागतात. डिशवॉशरचं मीठ म्हणतात ते यासाठी. ते भांड्यांना लागतही नाही. आमच्या घरी मशीनला मीठ लागतं हेच कुणाला माहीत नव्हतं. माझ्यासकट.

तर पहिलं काम हे. दुकानात किंवा ऑनलाइन जडपणा तपासायच्या पट्ट्या मिळतात. आपल्या किचनच्या नळाचं पाणी तपासा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्याप्रमाणे मशीनमध्ये तो आकडा बसवा. पुण्याच्या मावसभावाचा आकडा चालणार नाही, त्याचं पाणी वेगळं आहे. मिठाच्या कप्प्यात पहिल्या वेळी आधी पाणी भरायचं, मग जाडं मीठ. जेवणातलं बारीक मीठ नको, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेले पदार्थ असतात. सांडलेलं मीठ पुसून घ्यायचं आणि लगेच मशीन लावायचं, नाहीतर आतल्या स्टीलला ते खातं. याला वेळ लागतो दहा मिनिटं, तोही महिन्यातून एखाद्या वेळी. ही दहा मिनिटं मी तीन महिने दिली नव्हती आणि "नागपूरच्या पाण्याला हे मशीन चालत नाही" असं लोकांना सांगत फिरत होतो.

राख

हर्बर्ट सिनर नावाच्या एका जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये धुण्याचं सगळं शास्त्र चार गोष्टींत मांडलं. रसायन, घर्षण, तापमान आणि वेळ. यातली एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. हाताने घासताना आपण घर्षणावर भर देतो, कारण पाणी गार असतं आणि वेळ नसतो. मशीनमध्ये घासणी नाहीच. तिथे पाण्याचे फवारे, ५० ते ७० अंशांचं पाणी, बरीच तीव्र पावडर आणि दोन-तीन तासांचा वेळ हे काम करतात.

"तीन तास? बाई वीस मिनिटांत करते." हा टोमणा मी शंभरदा ऐकला आहे. पण इको प्रोग्रॅम लांबतो तो वीज वाचवायला. सगळ्यात जास्त वीज पाणी तापवायला जाते, म्हणून तापमान कमी ठेवून वेळ वाढवलेला असतो. तीन तास मशीन उभं असतं, तुम्ही नाही. पाणीही साधारण दहाच लिटर लागतं, तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरवलेलं.

आणि यात परकं काही नाही. आजी चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन मोरीत बसायची. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कली आहे. तेलाशी त्याचा संयोग झाला की थोडा साबण तयार होतो. डिशवॉशरच्या पावडरीत सोडियम कार्बोनेट असतं, म्हणजे राखेचं सख्खं भावंडच. वर एन्झाइम असतात. एक भाताची खळ तोडतं, दुसरं डाळीचं आणि अंड्याचं प्रथिन. 'आपल्या तेलकट भाज्यांना ते चालत नाही' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. सावजी रश्श्याच्या तवंगाला गरम पाणी आणि अल्कली यांच्यापेक्षा मोठा शत्रू नाही.

म्हणून भांडी आधी खंगाळून लख्ख करायची गरजच नसते. खरकटं निपटून कचऱ्यात टाकायचं, तेजपान, कढीपत्ता, मिरचीचे देठ काढायचे, बस. एन्झाइमला तोडायला काहीतरी शिल्लक पाहिजे. ज्या मशीनमध्ये पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर असतो, तिथे तुम्ही सगळं आधीच धुवून ठेवलं तर तो समजतो की भांडी स्वच्छच आहेत, आणि धुणं आवरतं घेतो. आई आधी धुवायची ते मशीनवर विश्वास नव्हता म्हणून. तिचा अविश्वास योग्यच होता, कारण मशीन मी नीट लावलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र आपल्या हवेची आहे. मे महिन्यात नागपुरात ताटातला भात तासाभरात खडखडीत वाळतो. रात्री मशीन लावणार असाल तर दुपारच्या ताटांना नुसतं पाणी फिरवायचा छोटा प्रोग्रॅम असतो, तो लावा. खाली लागलेल्या दुधाचा गंज मात्र भिजत घालून हातानेच घासावा लागेल. त्याला फवारा पुरत नाही.

रचना

आता 'आपल्या भांड्यांना जमत नाही' या वाक्यात जो एक आणा खरा आहे, तो देऊन टाकतो.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रेन या बाईने १८८६ मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. नोकरांच्या हातून तिच्या चिनी मातीच्या बशांचे टवके उडायचे, तिथून ही खटपट सुरू झाली. तिने आधी आपल्या घरची भांडी मोजली, आणि प्रत्येकाच्या मापाचे तारेचे कप्पे बनवले. १८९३ मध्ये शिकागोला ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात तिचं यंत्र मांडलेलं होतं.

तिचे कप्पे तिच्या बशांच्या मापाचे होते. आजच्या मशीनचे कप्पेही बरेचसे सपाट प्लेटांच्या मापाचे असतात. आपल्याकडे काठाची ताटं, खोल वाट्या, गंज, कढई. याला उत्तर तिने जे केलं तेच आहे. आपली भांडी मोजा, आणि बसवा.

मूळ नियम एकच. पाणी खालून आणि मधून फवाऱ्याने येतं, आणि जे भांडं त्या पाण्याला दिसत नाही ते धुतलं जात नाही. यातून बाकीचं सगळं आपोआप निघतं. वाट्या एकात एक घालायच्या नाहीत. त्या वरच्या कप्प्यात, उपड्या, थोड्या तिरक्या ठेवायच्या, म्हणजे बुडाच्या खळग्यात पाणी साचणार नाही. ताटं खाली उभी, खरकटी बाजू मधल्या फवाऱ्याकडे, दोन ताटांत बोटभर अंतर. काठाचं ताट कप्प्यात अडकत असेल तर एक खाच सोडून लावायचं. कढई आणि गंज खाली कडेला, उपडे. मधोमध ठेवले तर वरच्या अर्ध्या भांड्यांना पाणीच पोहोचत नाही. चमचे एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. प्लास्टिकचे डबे वर, हीटरपासून लांब. शेवटी दोन्ही फिरते पंखे हाताने एकदा फिरवून बघायचे. सराट्याचा दांडा मध्ये आडवा आला की पंखा थांबतो आणि तीन तास वाया जातात. आमच्या वाट्यांच्या तळाशी राहिलेल्या वरणाचं कारण हेच होतं, एक सराटा.

आठवड्यातून एकदा खालची जाळी काढून नळाखाली धरायची. मोहरी, जिरं, भाताची शितं तिथे बसतात आणि मग मशीनला वास येतो. शेवटच्या पाण्यात पडणारं रिन्स एड हे अत्तर नाही. त्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब न राहता पाणी सरकून जातं आणि ग्लासावर डाग पडत नाहीत.

काय घालायचं नाही, तेही पाठ करा. जर्मनची भांडी, म्हणजे ॲल्युमिनियमची, बाहेर. अल्कली त्यांच्यावरचा संरक्षक थर विरघळवते आणि ती काळी पडतात. आमचं कुकरचं झाकण असंच गेलं. स्टीलचा कुकर घातला तरी शिट्टी आणि रबरी रिंग काढून हाताने धुवायची, आणि वाफेचं भोक उजेडाकडे धरून मोकळं आहे ना ते बघायचं. पितळ, तांबं, कल्हईची भांडी बाहेर. लोखंडी तवा बाहेर, त्याचा मुरलेला तेलाचा थर निघून जातो. पोळपाट-लाटणं बाहेर, लाकूड फुगतं आणि तडकतं.

सुरी टोक खाली करून, किंवा वरच्या कप्प्यात आडवी. उघडं दार म्हणजे घोट्याच्या उंचीची फळी असते, त्यावर माणूस पडतो, आणि सुरीचं टोक वर असेल तर पुढचं सांगायला नको. पावडर आणि गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवायच्या. रंगीत गोळी पेपरमिंटसारखी दिसते, पण तोंडात गेली तर भाजते. धुणं चालू असताना दार एकदम उघडायचं नाही, वाफ चेहऱ्यावर येते. आणि प्लग अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच. एक्स्टेंशन बोर्डावर पाणी तापवणारं यंत्र लावणारा इंजिनिअर असेल तर त्याने डिग्री परत करावी.

मिनिटं

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटलं असेल की एवढं कोण लक्षात ठेवणार. बरोबर. पण कोणतं भांडं कशाने घासायचं, काय भिजवायचं, कशाला राख आणि कशाला चिंच, कोणतं गरम असताना धुतलं की तडकतं, हे सगळं तुमच्या घरात आजवर कुणीतरी लक्षात ठेवलंच होतं. तुम्ही त्याला ज्ञान म्हटलं नाही, एवढंच.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. लोकांनी दिवसाचा वेळ कशात घालवला ते नोंदवलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ९७ मिनिटं. हा आकडाही पुरुषांना झुकतं माप देणारा आहे, कारण तो फक्त काम करणाऱ्यांची सरासरी आहे. त्या दिवशी असं काही काम केलेले पुरुष होते सुमारे २६ टक्के, बायका ८१ टक्के. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं २८९ झाली, पुरुषांची ८८. मधल्या पाच वर्षांत लॉकडाऊन येऊन गेला, सगळे घरी बसले, रील्समध्ये पुरुषांनी भांडी घासली. आणि आकडा नऊ मिनिटांनी खाली आला.

या घरांत मशीन आणून ठेवलं की काय होतं? मशीन घेतो मुलगा किंवा नवरा. तो दाता होतो. भरायचं, काढायचं, मीठ-पावडर बघायची, जाळी धुवायची आणि 'एवढं महागाचं आणलं तरी तुम्हाला वापरता येत नाही' हे ऐकून घ्यायचं, हे सगळं तिच्याकडे जातं. जुनं काम होतंच, वर एका यंत्राची देखभाल आली. मग ती कंटाळून हाताने घासते, आणि तो जाहीर करतो की आपल्या भांड्यांना ते जमत नाही. जे वाक्य भांड्यांबद्दल वाटतं, ते खरं तर त्याच्याबद्दल आहे.

दुसरी बाई राहिली. आमच्याकडे भांड्यांना ज्या मावशी यायच्या, त्यांच्याकडून मी सराट्याच्या घोळानंतर पहिल्यांदा काही शिकलो. त्या वाट्या कधीच एकात एक ठेवत नसत, तेलाची भांडी शेवटी घ्यायच्या, कढईत आधी गरम पाणी ओतून मग इतर भांड्यांना हात लावायच्या. सिनरची चारही तत्त्वं त्यांच्या हातात होती. मशीन नीट चालायला लागल्यावर घरात पहिला विचार निघाला तो "आता त्यांना बंद करू". आम्ही केलं नाही. मोठी भांडी, ॲल्युमिनियम, पितळ आणि झाडूपोछा त्यांच्याकडे राहिला, पैसे तेवढेच राहिले. यात मोठेपणा काही नाही, आणि हा सगळ्यांसाठी तोडगाही नाही. पण 'मशीन घेऊ नका, बायांचं पोट जाईल' असं सांगणाऱ्यांना मी एकच विचारतो. लॉकडाऊनच्या महिन्यांत तुम्ही त्यांना पगार दिला होता का? याच नागपुरात रूपाताई कुळकर्णींनी विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. तुमच्याकडे येणाऱ्या मावशींची मंडळात नोंदणी आहे का, हे विचारायला मशीन नसलेल्या घरालाही कुणी अडवलेलं नाही.

'भांडी घासायला काय अक्कल लागते?' या एका प्रश्नावर आपण तीन हिशेब मिटवून टाकले आहेत. मॅन्युअल वाचलं नाही. आईची मिनिटं मोजली नाहीत. मावशींचा पगार ठरवताना त्यांच्या कसबाची किंमत धरली नाही. मशीनने फक्त एवढं केलं की हे काम शिकावं लागतं हे उघडं पाडलं. ते उघडं पडल्यावर आपण मशीनवर बटाटे ठेवले.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्याने मशीन घेतलं त्याने पहिले ३० दिवस ते एकट्याने चालवायचं. भरायचं, काढायचं, मीठ टाकायचं, जाळी धुवायची, काळं पडलेलं झाकण स्वतः घासायचं. कुणाची मदत नाही, कुणाला सूचना नाहीत. ३० दिवसांनी त्याने सांगावं की आपल्या भांड्यांना जमतं की नाही. तोपर्यंत त्याचं मत विचारात घेऊ नये.

मी २०२२ च्या जानेवारीपासून आमचं मशीन भरतो. रात्री साडेदहाला बारा मिनिटं, सकाळी काढायला सहा. पहिल्या महिन्यात दोन काचेचे ग्लास फुटले आणि एका डब्याचं झाकण वितळलं. आई सुरुवातीला सकाळी उठून एकेक वाटी उजेडात धरून बघायची आणि दोन-तीन बाजूला काढायची. मी त्या निमूटपणे पुन्हा धुवायचो. हल्ली ती बघत नाही. बटाट्यांची टोपली बाल्कनीत गेली आहे, आणि तिथे ऊन लागून त्यांना मोड येतात, ही तिची सध्याची तक्रार आहे. त्यावर अजून माझ्याकडे उत्तर नाही.